लहान घर, ९० सेंटीमीटरचा पॅसेज, स्वसंरक्षणासाठी नक्की काय घ्यावं?

अरुंद_पॅसेज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली. परवाना, प्रशिक्षण वगैरे सगळं रीतसर झालंय त्यामुळे तो भाग बाजूला ठेवा, माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. घर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मध्ये एक पॅसेज, टेप लावून मोजला तर बरोबर ९० सेंटीमीटर. कमरेवर हात ठेवून उभा राहिलो की दोन्ही कोपरं भिंतीला टेकतात. मागच्या खोलीत मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पुढच्या खोलीत आई झोपते आणि बाहेरचा दरवाजा त्याच खोलीत उघडतो. मधल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या आहेत, शेजाऱ्यांकडची ठोकून बघितली तर भरीव वाटते.

गेल्या महिन्यात रात्री अडीचला कुणीतरी दाराची कडी हलवून बघत होतं. आत कुणी आलं नाही, पण मी अंधारात पॅसेजमध्ये उभा होतो आणि हातात काय होतं तर छत्री. तेव्हापासून झोप नीट नाही.

एक मित्र म्हणतो शॉटगन घे, नेमच धरावा लागत नाही, नुसता खटक्याचा आवाज ऐकून चोर पळतो. दुसरा म्हणतो पिस्तूलच. नेटवर बघावं तर ज्याच्याकडे जे आहे तेच त्याला जगात भारी वाटतं. लहान जागेत खरंच काय चालतं ते सांगा. आणि बायकोलाही चालवता आलं पाहिजे, तिच्या मनगटात फार जोर नाही.

बारा_बोअर

शॉटगन. विषय संपला. १८ इंची नळीची पंप अॅक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची) घ्या, डबल ऑट बकशॉट भरा आणि निवांत झोपा. एका काडतुसात ८-९ मोठे छर्रे असतात, एकेक छर्रा ८.४ मिलिमीटरचा, समोरचा माणूस दुसऱ्यांदा विचार करत नाही. यंत्रणा साधी, बिघडायला काही नाही, आमच्याकडची वीस वर्षं झाली एकदाही अडकली नाही.

रेंजवरचा

बारा_बोअर भाऊ, शॉटगनच्या ताकदीबद्दल वाद नाही, पण अर्धवट ऐकून कुणी घेऊ नये म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं नवीन लोकांना रेंजवर शिकवतोय आणि दर बॅचमध्ये एक तरी जण "शॉटगनला नेम लागत नाही" हे वाक्य घेऊन येतोच.

मग मी त्याला चार मीटरवर कागद लावून एक बार काढायला लावतो. भोक बघितलं की गप्प होतो. घरातल्या अंतराला छर्रे जेमतेम मुठीएवढे पसरतात, हल्लीची चांगल्या वॅडची, म्हणजे छर्रे एकत्र धरणाऱ्या आतल्या कपाची, काडतुसं असतील तर त्याहून कमी. म्हणजे नेम चुकला की सगळेच्या सगळे छर्रे चुकले, आणि ते गेले कुठे हा पुढचा प्रश्न. खटक्याच्या आवाजावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. पळणारा पळेलही, पण न पळणाऱ्याला तुम्ही कुठे उभे आहात ते फुकट कळतं.

दुसरं म्हणजे लांबी. १८ इंची नळी ऐकायला छोटी वाटते पण पूर्ण दस्त्यासकट बंदूक जवळजवळ एक मीटर भरते. तुमचा पॅसेज ९० सेंटीमीटर. सरळ पुढे धरून चालाल, पण वळायचं झालं तर नळी आधी भिंतीला लागणार. शिवाय पंप मागे-पुढे करायला दुसरा हात लागतोच आणि घाबरलेला माणूस पंप पूर्ण मागे ओढत नाही, अर्ध्यातून पुढे ढकलतो, मग काडतूस एकतर आतच राहतं नाहीतर आडवं अडकतं. रेंजवर शांत डोक्याने उभ्या असलेल्या लोकांचं होतं, रात्री अडीचला काय होईल.

पण हे सगळं नंतरचं. अरुंद_पॅसेज, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: दार पुढच्या खोलीत उघडतं आणि आई तिथेच झोपते. तुम्ही मागून पॅसेजच्या तोंडाशी येऊन दाराकडे नळी केली तर मध्ये किंवा पलीकडे कोण आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी तुम्हाला कुठलंच हत्यार सुचवणार नाही.

दोन_मुलांची_आई

मी बाईच्या बाजूने सांगते कारण इथे ती बाजू कुणी मांडत नाही.

आमचं घर तुमच्यापेक्षा थोडं मोठं पण पॅसेज तसाच. आधी आमच्याकडे लांब बंदूक होती. एकदा दोघांनी मिळून सराव केला, रिकामी बंदूक, तीनदा तपासलेली, काडतुसं घराच्या दुसऱ्या टोकाला कुलपात. ठरवलं की मी धाकट्याला उचलून आमच्या खोलीत आणायचं. तेव्हा कळलं की मूल एका काखेत असताना दार उघडायचं, दिवा लावायचा, फोन धरायचा आणि मीटरभर लांबीची वस्तू सांभाळायची हे दोन हातांचं काम नाहीये, चार हातांचं आहे. दस्ता दाराच्या चौकटीला आपटला, मूल रडायला लागलं, नवरा हसायला लागला, मी नाही हसले.

त्यानंतर पिस्तूल घेतलं. पिस्तुलाने नेम साधणं अवघड आहे, कुणी काही सांगो, खांद्याला टेकवलेल्या बंदुकीइतकं ते हातात स्थिर राहत नाही आणि सराव सोडला की महिन्यात फरक दिसतो. पण एक हात मोकळा राहतो आणि छातीजवळ ओढून धरता येतं, म्हणजे दारातून जाताना नळी तुमच्या आधी पलीकडे पोचत नाही आणि कुणाच्या हाताला लागत नाही.

मनगटाच्या जोराबद्दल: मला पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढता येत नव्हती. नुसतं दोन बोटांनी चिमटीत धरून ओढत होते. नंतर एका ताईंनी शिकवलं की पूर्ण तळवा वरून टाकायचा आणि स्लाइड धरून ठेवून दुसऱ्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं, तर लगेच जमलं. तरीही जड जात असेल तर थ्री एटी या हलक्या काडतुसाच्या पिस्तुलांमध्ये हलक्या स्प्रिंगवाली मॉडेल्स मिळतात ती हातात घेऊन बघा. आणि सैल मनगटाने धरलं तर सेमी-ऑटो पिस्तूल पुढची गोळी नीट भरत नाही, हे वहिनींना पहिल्याच दिवशी दाखवा.

रिव्हॉल्व्हर सुचवणारे येतीलच. त्यात स्लाइडची भानगड नाही हे खरं, अंगाला अंग भिडलं आणि नळी समोरच्याला टेकली तरी ते चालतं, पिस्तुलाची स्लाइड जरा मागे दाबली गेली तर ते उडत नाही. पण डबल अॅक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, चाप साधारण साडेचार-पाच किलो जोराचा असतो, ज्यांच्या हातात जोर नाही त्यांना तो ओढताना नेम हलतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

फक्त_वाचक

एक शंका. शॉटगन लांब पडते म्हणता तर नळी थोडी कापून घेतली तर नाही का चालणार? ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे.

रेंजवरचा

नाही. बहुतेक देशांत तो सरळ गुन्हा आहे, परवाना असलेल्या हत्यारावर सुद्धा. त्याचं नावही काढू नका.

अरुंद_पॅसेज

सगळ्यांचे आभार. काल रात्री एक उद्योग केला. झाडूचा दांडा बरोबर एक मीटरचा निघाला, तो खांद्याला लावला आणि दिवे बंद करून मागच्या खोलीतून दारापर्यंत तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी चौकटीला आपटला. दुसऱ्या वेळी कपाटाच्या हँडलमध्ये अडकला. तिसऱ्या वेळी आई जागी झाली आणि म्हणाली एवढ्या रात्री काय झाडतोयस.

मग ७० सेंटीमीटरचं लाटलेलं पोस्टर घेतलं, ते बरं गेलं. मग नुसते हात पुढे ताणून पिस्तूल धरल्यासारखा चाललो, आणि गंमत म्हणजे ताणलेल्या हातांनी मी पोस्टरएवढीच जागा खाल्ली! पिस्तूल छोटं म्हणून जागा कमी लागते असं धरून चाललो होतो.

आईच्या पलंगाचा प्रश्न मात्र खरोखर डोक्यात आला नव्हता. पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून दाराकडे बघितलं तर पलंगाचा उशाकडचा भाग सरळ रेषेत येतो. पोटात गोळा आला.

कार्बाइनवाला

पोस्टरचा प्रयोग झकास. लोक पिस्तुलाची लांबी १९ सेंटीमीटर वाचतात आणि स्वतःचे हात मोजायला विसरतात.

म्हणून माझं मत नऊ एमएमची कार्बाइन. पिस्तुलाचीच गोळी, पण खांद्याला टेकते, तीन ठिकाणी आधार मिळतो, धक्का जवळजवळ नाही. नवख्या माणसाच्या गोळ्या पिस्तुलाने ताटाएवढ्या जागेत पडत असतील तर कार्बाइनने वाटीएवढ्या पडतात. तुमच्या मिसेसना तर हीच सोपी जाईल. दस्ता आत सरकवून साधारण ८० सेंटीमीटर, आणि बुलपप प्रकार घेतला, म्हणजे यंत्रणा चापाच्या मागे दस्त्यातच असते तो, तर ६६ ते ७० सेंटीमीटर पूर्ण लांबीच्या नळीसकट, कापाकापी न करता. बुलपपचा चाप जरा भरड लागतो आणि मॅगझीन (गोळ्यांचा खोका) काखेत बदलावं लागतं, त्याची सवय होईपर्यंत वैताग येतो.

तोटे पण सांगतो. दोन्ही हात गुंततात, दोन_मुलांची_आई म्हणतात तो मुद्दा इथेही लागू. आणि पटकन उघडणाऱ्या छोट्या पेटीत मावत नाही, कुलपात ठेवायची सोय मोठी करावी लागते. ती होत नसेल तर घेऊ नका.

कान_गेलेला

नाव गमतीत नाही घेतलेलं.

नऊ वर्षांपूर्वी मी घरात कोरडा सराव करत होतो, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढणे. मॅगझीन काढलं, चेंबर म्हणजे नळीमागची गोळी बसायची जागा बघितली, सगळं बरोबर केलं. सराव संपला, मॅगझीन परत घातलं, स्लाइड ओढली, फोन वाजला, बोलून आलो आणि "शेवटचं एकदा" म्हणून चाप ओढला. बस्स एवढंच. मूर्खपणा शंभर टक्के माझा.

गोळी जिप्समच्या भिंतीतून गेली, पलीकडच्या कपाटातल्या दोन कोटांतून गेली, कपाटाच्या मागच्या फळीतून गेली आणि दुसऱ्या खोलीतल्या गादीत थांबली. गादीवर कुणी नव्हतं. मी आजही त्या भिंतीला लागून पलंग ठेवत नाही.

आता या सगळ्यात तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली म्हणजे आवाज. बंदुकीचा आवाज साधारण १५५ ते १६५ डेसिबल, आणि अशा एका फटक्याने कायमची इजा होण्याची धोक्याची रेषा १४० धरतात. बंद खोलीत तो भिंतींवरून परत येतो. माझ्या डाव्या कानात आज हे टाइप करताना पण शिट्टी वाजतेय. तुमच्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे. रायफलच्या ताकदीचं काडतूस आखूड नळीतून उडवलं तर आवाज आणि जाळ दोन्ही भयानक, अंधारात डोळे दिपतात ते वेगळंच. पेटीजवळ इलेक्ट्रॉनिक इअरमफ ठेवा, त्यातून पावलं मोठ्याने ऐकू येतात आणि मोठा आवाज दाबला जातो. सायलेन्सर जिथे कायदेशीर असतो तिथेसुद्धा तो २०-३० डेसिबलच कमी करतो, बार ऐकूच येत नाही हा सिनेमातला प्रकार झाला.

दुसरी भिंत. माझी गोळी हॉलो पॉइंट होती, "ही भिंतीपार जात नाही" असं मला सांगून विकलेली. प्रत्यक्षात तिच्या तोंडातली पोकळी जिप्समच्या भुकटीने भरते, मग ती फुलत नाही आणि साध्या गोळीसारखी सरळ जाते. बकशॉटही अशा दोन-तीन भिंती सहज ओलांडतो.

तिसरी, सराव करताना दारूगोळा त्या खोलीत असताच कामा नये. सराव संपला की संपला, शेवटचं एकदा करायचं नाही.

रेंजवरचा

हे लिहायला धाडस लागतं, आभार.

भिंतीच्या मुद्द्यावर थोडी भर. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात त्यांचे दोन एजंट गेले. एका दरोडेखोराला लागलेली नऊ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातून पुढे मांसासारख्या घट्ट जिलेटीनच्या ठोकळ्यातल्या चाचणीचं मोजमाप आलं: गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे, १८ च्या पुढे नको. आता विचार करा, १२ इंच जिलेटीनमधून जाणारी गोळी अर्ध्या इंचाच्या जिप्सम बोर्डाला काय भीक घालणार. माणसाला थांबवेल इतकी ताकद आहे म्हणजे तुमच्या पार्टिशनमधून ती जाणारच. त्यातल्या त्यात हलकी, वेगवान टू टू थ्रीची, म्हणजे रायफलची गोळी, ५५ ग्रेन (साधारण साडेतीन ग्रॅम) वजनाची वगैरे, भिंतीत लागली की गिरक्या घेते, तुटते आणि बकशॉट किंवा नऊ एमएमपेक्षा लवकर ताकद गमावते. लोकांना हे उलटं वाटतं कारण रायफल म्हटली की जास्त भेदणार असा समज. पण "लवकर" म्हणजे पहिल्याच भिंतीत नव्हे, आणि खोलीतला तिचा आवाज वर वाचलातच. छोटे छर्रे भरा असंही कुणीतरी सांगेल, पक्ष्यांसाठीचे. ते भिंतीत कमी जातात आणि त्याच कारणाने माणसातही वरवर राहतात.

त्यामुळे गोळी कुठली हा प्रश्न दुसरा, तुमच्या रेषेत कोण आहे हा पहिला. घराचा नकाशा काढा. तुम्ही कुठे उभे राहणार तिथून रेषा ओढा, भिंतीतून पलीकडे ओढा, प्रत्येक रेषेच्या टोकाला कोण झोपतं ते लिहा.

आणि घरभर फिरायचा विचारच सोडा. १९८३ साली टुलर नावाच्या अमेरिकन पोलीस सार्जंटने मोजून दाखवलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे साडेसहा मीटरसुद्धा नाही. तुमचं घर बहुधा तेवढंच. कोपऱ्यावरून डोकावणारा माणूस नेहमी तोट्यात असतो. सगळी माणसं एका खोलीत, दार बंद, पलंगाच्या मागे बसायचं, फोनवर पोलीस, आणि नळी त्या एका दाराकडे. तसं बसायचं ठरलं की तुमचा लांबीचा अर्धा प्रश्न गळून पडतो, कारण तुम्हाला पॅसेजमधून वळायचंच नाहीये.

दिव्याबद्दल एक. हत्यारावर दिवा असला तरी हातातली टॉर्च वेगळी ठेवा. हत्यारावरच्या दिव्याने शोधायला गेलात तर ज्याच्यावर उजेड त्याच्यावर नळी, मग ती पाणी प्यायला उठलेली आई का असेना. आणि फार प्रखर नको, पांढऱ्या भिंतीवरून तो तुमच्याच डोळ्यात परत येतो.

बारा_बोअर

एका खोलीत बसून दाराकडे नळी म्हणजे शॉटगनला पण हरकत नाही की मग 😄

रेंजवरचा

नाहीच हरकत, दाराच्या पलीकडे कुणाची गादी नसली तर.

दोन_मुलांची_आई

कुलपाचं कुणीच सविस्तर बोललं नाही म्हणून. सहा वर्षांचं मूल घरातली प्रत्येक लपवायची जागा ओळखून असतं. उशाखाली, कपाटावर, ड्रॉवरमध्ये कपड्यांच्या खाली, यातलं काहीच नाही चालत. बटणांची किंवा बोटाच्या ठशाची छोटी पेटी पलंगाच्या चौकटीला बोल्टने पक्की करा, अंधारात डोळे मिटून उघडायचा सराव करा आणि बॅटरी संपली तर चावी कुठे ते दोघांनाही माहीत पाहिजे. आमच्या पहिल्या पेटीचा सेन्सर ओल्या बोटाला उघडायचाच नाही, बदलावी लागली.

अजून एक, जरा जड आहे पण बोलायला हवं. १९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, घरात बंदूक असलेल्या घरांमध्ये घरातच खून होण्याचा धोका २.७ पट आढळला होता. त्यांच्या पद्धतीवर आजही भांडणं चालतात, ती चालू देत. पण घरात कुणी निराश असेल, दारू पिऊन तोल जाणारं कुणी असेल, तर आधी चांगलं कुलूप आणि दाराला साखळी घ्या, हत्यार राहू द्या. तुमच्या घरात तसं आहे असं मी म्हणत नाही, वाचणारे बरेच असतात म्हणून लिहिलं.

अरुंद_पॅसेज

काय झालं ते सांगून टाकतो.

नकाशा काढला. पाच रेषा ओढल्या, त्यातल्या चार आईच्या पलंगावर नाहीतर अगदी जवळून जात होत्या. बायको कागद बघून म्हणाली अरे मग बंदूक कसली शोधतोयस, पलंग हलव ना. खरंच आठ दिवस मी कॅलिबर वाचत बसलो होतो.

आता आई मागच्या खोलीत मुलीजवळ झोपते. चौघं एका खोलीत, दाटी आहे पण मध्यरात्री कुणाला गोळा करायला जावं लागणार नाही. आम्ही जिथे बसणार तिथून खोलीच्या दाराकडे रेषा ओढली तर ती पॅसेज, पुढची रिकामी खोली आणि मग बाहेरच्या बाजूची विटांची भिंत. शेजाऱ्यांच्या बाजूला एकही रेषा जात नाही, ती भिंत भरीव आहे का याची खात्री करायला प्लगची पेटी उघडून आत बघितलं, वीटच आहे. बाहेरच्या दाराला आडवा अडसर आणि लांब स्क्रूच्या बिजागऱ्या लावल्या, ते काम दुपारभरात झालं.

हत्यार म्हणाल तर शनिवारी दोघं रेंजवर जाऊन नऊ एमएमचं मध्यम आकाराचं पिस्तूल आणि कार्बाइन दोन्ही भाड्याने चालवून बघितली. बायकोचे कार्बाइनचे दहाच्या दहा आत, पिस्तुलाचे सहा. तरी तिने पिस्तूल निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली पेटीत मावतं आणि पोरगी एका हाताला असणार आहे, बाकीचे चार मी शिकेन. दर पंधरा दिवसांनी जायचं ठरलंय, नवीन मॅगझीनमधून दोनशे गोळ्या न अडकता गेल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही. इअरमफ चार घेतलेत, मुलीचे गुलाबी.

आईची एकच तक्रार आहे, मी घोरतो हे तिला लग्नाआधी माहीत होतं पण एवढं असेल असं वाटलं नव्हतं म्हणे.